दारापर्यंतची गोष्ट

चूक माझीच. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण पुस्तकाची शेवटची पानं जाग्यावर आहेत का हे न बघताच मी गोष्ट सांगायला बसले.

१९९९चा आंब्याचा हंगाम. मालगुंडला आमच्या पडवीत आठ बायका पेंढा घालून पेट्या भरायच्या. हात गुंतलेले, कान मोकळे. म्हणून वाचनालयातली एक जुनी इंग्रजी कादंबरी मी त्यांना रोज थोडी थोडी मराठीत सांगायचे. १९०८ सालची, एका बाईने लिहिलेली. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून बाप मुलीला घराबाहेर काढतो. बऱ्याच वर्षांनी ती माहेरी यायला निघते. नेमकी तिथून पुढची पानं वाळवीने फस्त केलेली.

बाकीच्या हळहळल्या नि कामाला लागल्या. मथुरा कुठली ऐकायला? पेटी भरण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, आणि तोंडही तसंच फटकळ. "बापानं दार उघडलान का नाय, तेवढा सांगा," म्हणून रोज माझं डोकं खायची. का, ते मला ठाऊक होतं. तिची लेक मैना नऊ वर्षांपूर्वी पळून जाऊन लग्न करून गुहागरला राहिली होती, आणि मथुरेने तिचं नाव टाकलं होतं.

शेवटी पुस्तकातल्या प्रकाशकाच्या पत्त्यावर मथुरेचा प्रश्न लिहून मी पत्र टाकलं. ते फिरत फिरत लेखिकेच्या पणतीला मिळालं. दिवाळीच्या सुमाराला तिने पानांची झेरॉक्स पाठवली. सोबत चार ओळी: 'पणजीला आता कुणी वाचत नाही असं आम्हाला वाटायचं. मथुराबाईंना नमस्कार सांगा.'

मथुरेला बोलावून वाचून दाखवलं. मुलगी दार ठोठावते. कादंबरी संपते.

"आनि?"

"आणि काही नाही."

मलाही राग आला, खोटं कशाला बोलू? एवढ्यासाठी सहा महिने वाट बघितली!

मथुरेने शेवटचं पान हातात घेऊन उलटून पाहिलं. मग म्हणाली, "बाप घरातच होता ना? मंग तोच का नाय गेला तिच्याकडं?" आणि पदर तोंडाला लावून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जयगडची खाडी ओलांडून गुहागरला गेली. चार दिवसांनी आली ती थेट माझ्या पडवीत.

"काय गं, दार उघडलं का मैनेने?"

"उघडाच होता, बाई."

मी ते तसंच पणतीला कळवलं.