एका सभ्य खेळाडूचा चरित्रकार

"शी," असं म्हणून ते चष्मा काढायचे आणि सदऱ्याच्या टोकानं काचा पुसायचे, जणू समोरची घाण काचांनाच लागली आहे. पुसून झालं की चष्मा परत चढवून पुन्हा तेच बघायचे आणि पुन्हा म्हणायचे, "शी."

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. सगळ्या जगाची किळस करणारा, आणि तरी खिडकीतून जग बघत बसणारा.

जपानात, उरायासुतल्या आमच्या इमारतीत हे काका तळमजल्यावर एकटे राहायचे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मूळचे मिरजेचे. एका संशोधन संस्थेत तीस वर्षं सिरॅमिकवर काम करून निवृत्त झाले होते. बायको इथंच गेली, म्हणून तेही इथंच राहिले. तरुणपणी विद्यापीठाकडून फुटबॉल खेळायचे, डाव्या बगलेवरून. तेलकट डबे न धुता प्लॅस्टिकच्या कचऱ्यात टाकणारे आपले लोक त्यांना किळसवाणे वाटत. गणपतीत सिनेमातल्या गाण्यांवर नाचणारे कमिटी मेंबर किळसवाणे वाटत. पण धक्का न लागताच मैदानावर कोलमडणारा आणि पेनल्टी मिळाल्यावर टुणकन उठणारा खेळाडू टीव्हीवर दिसला, की ते सरळ उठून टीव्ही बंद करायचे.

मोठा भूकंप झाला तेव्हा उरायासुत जमिनीतून राखाडी चिखल वर आला. रस्ते भरले, नळ बंद पडले. चौथ्या दिवशी मी आणि माझा नवरा विमान पकडून पुण्याला पळालो. तीन आठवड्यांनी परतलो तेव्हा ते इमारतीपुढे फावडं घेऊन उभे होते.

एरवी मला अगं-तुगं करणारे काका त्या दिवशी म्हणाले, "आलात? चिखल वाळलाय आता. सँडल खराब व्हायची नाही."

माझी सायकल त्यांनी खणून काढून, धुऊन, तेल घालून ठेवली होती. आभार मानायला गेले तर दारातूनच म्हणाले, "राहू दे. माझ्या वाटेत येत होती."

त्याच वर्षी एका रविवारी ते योकोहामाला गेले. तिथं गोऱ्या लोकांची जुनी दफनभूमी आहे. भूकंपात एक थडगं आडवं झालं होतं, त्याच्यावर काकांना अक्षरं दिसली: इंग्लंडकडून तीनदा खेळलेला फुटबॉलपटू, या शहरातला शिक्षक. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला माणूस. काका संध्याकाळी थेट माझ्या दारात आले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"अगं, हा माणूस इथं येऊन मेला आणि कुणाला माहीत नाही. लिहायला पाहिजे."

पुढची दोन वर्षं ते त्या माणसाबरोबरच राहिले म्हणा ना. लायब्ररीत जायचे, इंग्लंडला पत्रं लिहायचे, आणि फुलस्केपवर निळ्या शाईनं मराठीत चरित्र लिहायचे. मी ते कॉम्प्युटरवर उतरवून इंग्रजी करायची. त्यामुळे त्या खेळाडूचं सगळं आयुष्य मला पाठ झालं. पाद्र्याचा मुलगा. बोर्डिंग शाळेत चेंडू पायाला चिकटला तो कायमचा. गुडघ्यापर्यंतची विजार आणि डोक्यावर टोपी घालून देशासाठी तीन सामने खेळला. खेळण्यासाठी कधी कुणाकडून काही घेतलं नाही, तो हौशीच राहिला. मग शिक्षक होऊन जपानला आला. इथल्या गोऱ्यांच्या क्लबाकडून खेळताना एकदा त्यांना पेनल्टी मिळाली, तर यानं चेंडू मुद्दाम बाहेर मारला. सभ्य माणूस जाणूनबुजून फाउल करतो असं धरून चालणंच त्याला अपमानास्पद वाटे.

हा प्रसंग काकांनी मला निदान दहादा सांगितला. "मुद्दाम बाहेर," ते म्हणायचे. "कळलं ना? मुद्दाम." त्या वेळी त्यांचे डोळे पाणावायचे, आणि मी कीबोर्डकडे बघायची.

योकोहामातल्या परदेशी लोकांच्या एका क्लबनं थडगं पुन्हा उभं करायचं ठरवलं. त्याच दिवशी काकांचं पुस्तकही निघणार होतं. तारीख ठरली, निमंत्रणं गेली.

समारंभाला महिना उरला असताना काका लायब्ररीतून थेट माझ्याकडे आले आणि बूट न काढताच दाराच्या आतल्या पायरीवर बसले. त्यांच्या हातात त्या काळच्या इंग्रजी वर्तमानपत्राच्या पानाची प्रत होती. मी वाचलं.

त्या खेळाडूच्या घरी एक जपानी नोकर होता. त्यानं मालकाचे फुटबॉलचे बूट वाळायला शेगडीच्या फार जवळ ठेवले. चामडं तडकलं. मालकानं त्याच्या पोटात लाथ मारली. तिसऱ्या दिवशी नोकर मेला. त्या काळी इंग्रजाचा न्याय इथं इंग्रजांच्याच कोर्टात व्हायचा. डॉक्टरनं सांगितलं, नोकराची प्लीहा आधीपासूनच सुजलेली होती. तो खेळायचा त्या क्लबच्या अध्यक्षानं साक्ष दिली की ज्यानं मैदानात कधी फाउल केला नाही, तो माणूस असं करणंच शक्य नाही. कोर्टानं समज देऊन सोडून दिलं. नोकराचं नाव बातमीत नव्हतं.

"खालचा कॉलम वाच," काका म्हणाले.

खाली शनिवारच्या सामन्याची हकिगत होती. आपल्या माणसानं दोन गोल केले होते.

काका उठले, बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ सोडून हात धूत राहिले. बाहेर आले तेव्हा हात लाल झाले होते. "दोन वर्षं मी ह्याचे पाय चेपले," ते म्हणाले.

आता मी काय केलं ते सांगते. काकांनी ती बातमी पुस्तकात घातल्याचं कळताच समारंभ करणाऱ्या क्लबच्या सेक्रेटरीचा फोन आला की हे प्रकरण गाळावं, प्रसंग आनंदाचा आहे. मी काकांना म्हटलं, "जाऊ द्या ना, काका. शंभर वर्षं होऊन गेली. कुणाला काय फरक पडतो? तुमची मेहनत वाया जाईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढला नाही, शी म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, "तुलाही असंच वाटतं?" ते त्या दिवशी शी म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

समारंभाला मी गेले. थडगं उभं होतं, त्याच्यावर फुलं होती, आणि शेजारच्या टेबलावर काकडीची सँडविच. काकांना बोलायला बोलावलं. त्यांनी खिशातून तो कागद काढला आणि सबंध बातमी वाचली, खालच्या कॉलमसकट. सेक्रेटरी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "आजचा दिवस तरी राहू द्या." काका वाचत राहिले. लोकांनी आधी माना खाली घातल्या, मग सँडविच उचलली. एकानं मला विचारलं, "हे गृहस्थ तुमच्याबरोबर आहेत का?" मी फोनमध्ये बघत म्हटलं, "शेजारी आहेत."

ते वाक्य आजही आठवलं की मला माझ्याच तोंडाची किळस येते.

परतीच्या गाडीत ते माझ्या शेजारीच बसले होते. बऱ्याच स्टेशनांनंतर म्हणाले, "त्या पोराला नाव असेल की नाही?"

पुस्तक निघालं नाही. तो गठ्ठा त्यांनी जुन्या कागदांच्या कचऱ्याच्या दिवशी, नीट दोरीनं बांधून खाली ठेवला. मी तो परत वर आणला नाही, आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

पण नाव शोधायला मात्र मी त्यांच्याबरोबर फिरले. जुनी जपानी अक्षरं मला येत नव्हती, त्यांनाही नाही. लायब्ररीतल्या एका बाईंनी त्या वेळची जपानी वर्तमानपत्रं चाळून चार ओळी शोधून दिल्या. तोकुजिरो. वय एकोणीस. बंदराजवळच्या वाडीतल्या कोळ्याचा मुलगा. इथं थडगी आणि मृतांची नोंद देवळांकडेच असते, म्हणून मग मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत त्या भागातल्या एकेका देवळाला फोन लावायला लागले. अकराव्या देवळातल्या भटजींनी मृतांची जुनी वही बघून सांगितलं, आहे. वेगळं थडगं नव्हतं. ज्यांचं कुणी उरलेलं नाही अशांच्या सामाईक दगडाखाली तो होता.

काका देवबिव मानत नसत. तरी त्यांनी भटजींना विचारलं, त्याच्या तिथीला काही करता येईल का. भटजी म्हणाले, करता येईल, पण तुम्ही त्याचे कोण?

काकांनी थोडा विचार केला. "त्याच्या मालकाचा चरित्रकार," ते म्हणाले. ते मी जपानीत कसंबसं सांगितलं. भटजी हसले नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

पुढची चार वर्षं दर नोव्हेंबरात काका तिथं गेले. दोनदा मीही गेले. भटजी मंत्र म्हणताना मध्येच तोकुजिरोचं नाव घेत, आणि काका मान खाली घालून ते ऐकत.

पाचव्या वर्षी उन्हाळ्यात काका गेले. झोपेतच. मिरजेहून भाऊ येऊन अस्थी घेऊन गेला.

त्या नोव्हेंबरात मी ऑफिसातून सुट्टी काढून एकटीच देवळात गेले. भटजींच्या बायकोनं दार उघडलं. आत सगळी तयारी होती. चटईवर एक उशी मांडली होती आणि तिच्या शेजारी एक घडीची खुर्ची. काकांचे गुडघे खाली बसू देत नसत, म्हणून दुसऱ्या वर्षापासून बाई ती शेजाऱ्यांकडून आणून ठेवत असत, हे मला तेव्हा कळलं.

"आजोबा मागून येताहेत का?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या खुर्ची मिटायला म्हणून वाकल्या, मग सरळ झाल्या आणि ती तशीच उघडी राहू दिली.

भटजी आले. त्यांनी वही उघडली, आणि त्या वर्षी दोन नावं घेतली.