नागपूरची अंगठी, रायपूरची अंगठी

साकोलीतल्या आपल्या सराफी दुकानात चंद्रकांताबाई बसायच्या त्या गिऱ्हाइकाला दागिने दाखवायला. दागिना पारखणं हे नवऱ्याचं, बाबूलालजींचं काम. हॉलमार्कची सक्ती आली तेव्हा ते भडकले होते. "तीस वर्षं सोनं घडवून राहिलो, अन् आता माह्या सोन्याले दुसऱ्याचा शिक्का पाहिजे?"

पण माल तपासायला नागपूरला पाठवावाच लागे. ते काम बाईंकडे आलं. परत आलेल्या नगावरचा सहा अक्षरांचा बारीक क्रमांक त्या भिंगातून वाचत, मोबाइलवरच्या सरकारी ॲपवर टाकून दागिना कोणत्या दुकानाचा, कुठं तपासलेला ते पडताळून पाहत.

गेल्या वैशाखात एकोडीच्या दोन जावा दुकानात आल्या, थोरली रुखमा आणि धाकटी दामिनी. घरच्या लग्नात पुऱ्यांची कणीक मळताना दोघींनी अंगठ्या काढून एकाच वाटीत ठेवल्या होत्या. नक्षी सारखी, पण एक जरा जड. ती जडच आपली, असं दोघींचंही म्हणणं. रुखमाची याच दुकानातली, दामिनीला तिच्या भावानं रायपूरहून आणलेली.

बाबूलालजींनी दोन्ही तळहातावर तोलल्या. "ही माह्या हातची," म्हणत जड अंगठी रुखमाला दिली.

दामिनीचे डोळे भरून आले. उरलेली अंगठी तिनं उचललीच नाही.

"थांबा जी," चंद्रकांताबाई म्हणाल्या. दोन्ही अंगठ्यांच्या आतल्या बाजूचे क्रमांक वाचून त्यांनी ॲपवर टाकले. खात्रीसाठी पुन्हा टाकले. जड अंगठी रायपूरच्या केंद्रात तपासलेली होती. हलकी नागपूरच्या, आणि तिच्यापुढे नाव याच दुकानाचं.

गिऱ्हाइकासमोर नवऱ्याला चूक कसं म्हणावं? त्यांनी मोबाइलच बाबूलालजींपुढे धरला. "आपला माल रायपूरले कधी गेलाच नाई."

रुखमानं अंगठी काढून जावेच्या हातात ठेवली. "म्हणजे माही कमी कसाची हाये का?"

"नाई वो. दोन्ही बावीस कॅरेट. वजनच तेवढं कमी."

"मंग ठीक." मग जावेकडे न बघता ती म्हणाली, "तुले लग्नात चोट्टी म्हटलं म्या सगळ्यायसमोर."

"म्हटलं तर म्हटलं, बाई. चला, बस जाईन."

रात्री बाबूलालजी जेवून उठले. हात धुताना म्हणाले, "मी वजनावर गेलो. नंबर पाहा म्हून तू पहिलेच काहून नाई सांगितलं?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

हल्ली ते दागिना हातात घेऊन तोलतात, थोडा वेळ बघतात आणि भिंगासकट बायकोकडे सरकवतात.