मी खंय जातंय?

खुर्चीत बसली की ती आधी टेबलाखाली चपला काढायची. मग एक पाय वर घ्यायची, पदर कमरेला खोचायची आणि म्हणायची, "सांग बाय, सावकाश सांग. मी खंय जातंय?"

सरकारी दवाखान्यातल्या बाया तुम्ही पण बघितल्या असतील, त्यांचं एक पाऊल कायम दाराबाहेर. हिचं तसं नव्हतं. म्हणूनच मी फसले.

मी सातवी शिकलेली, कोरगावात दिलेली. मुलगा झाला, सगळे खूश, आणि मला झोप नाही, जेवण जात नाही, उगाच रडू. सासूनं दृष्ट काढली, मग देवळात कौल लावला, देवाला चिकटवलेली पाकळी उजवी पडली तर होय, डावी तर नाही, पण ती काही पडेना. शेवटी बाळाला डोस द्यायला गेले तर नर्स म्हणाली, कौन्सेलरकडे जा. घरी सांगितलं तर सासूला ऐकू आलं कौल. "आता दवाखान्यात पण कौल लावतत? बरा झाला. विचार, उजवी काय डावी!"

मलाही तसंच वाटलेलं, खोटं कशाला सांगू. ती सांगणार हे कर, ते करू नको, आणि मी सुटणार. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मग, उजवी पडली की डावी?" ती इतकी हसली की वर घेतलेला पाय खाली आला. "माझ्याकडे पाकळ्यो नाय गो. माझ्याकडे नुसते कान."

तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर सगळ्यांचे गुडघेच दुखायचे. खाणीवरचं काम गेलेला एक माणूस, त्याचा गुडघा. कॉलेजातली एक पोर, तिचे काय गुडघे दुखणार, पण तीही चोळत बसलेली. मी पण गुडघाच सांगायचे. आतून बाहेर येताना सगळ्यांचे डोळे लाल, आणि चालणं सुधारलेलं.

ती बोलायची कमीच. मी गप्प तर ती गप्प. मला राग यायचा, पगार ही घेते आणि बोलते मीच. पण घरी जाताना डोक्यावरचा लाकडाचा भारा कोणी उतरवून घेतल्यासारखं वाटायचं.

मग एक दिवस मी ते सांगितलं. की विहिरीवर पाणी काढताना बाळ कडेवर असतं आणि मला वाटतं माझे हात त्याला सोडणार, मला नको असतं ते, देवाशपथ नको असतं, पण रोज वाटतं, आणि रोज मी कळशी तिथंच टाकून मागे पळते.

टेबलाखाली तिचे पाय चपला शोधायला लागले. फरशीवर आवाज झाला तो मी ऐकला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझं बोलणं संपायच्या आधी.

"बाय, ह्या माका पोटात ठेवक येवचा नाय. पयल्याच दिवशी सांगितलंय ना? हयचा हयंच ऱ्हवतला, पण जिवाक धोको असलो तर घरात एकाक सांगतलंय. कोणाक सांगू, तू ठरव."

सांगितलं असेल. तेव्हा बाळ रडत होतं, मी होय होय म्हणत कागदावर सही केली होती, वाचलं कोणी? मी म्हटलं कोणालाच नको, पाया पडते. तिनं माझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं. माझ्यासमोरच सांगितलं, हळू, चांगल्या शब्दांत. हा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो, बरा होतो. डॉक्टरकडे न्या. विहिरीवर एकटीला पाठवू नका. आणि बोभाटा करू नका.

नवऱ्यानं शेवटचं सोडून सगळं ऐकलं. त्यानं आईला सांगितलं, आईनं अख्ख्या वाडीला. पाव घेऊन येणारा पोदेर रोज माझ्या हातात पाव द्यायचा, दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्याकडे न बघता सासूला हाक मारली. बाळ सासूच्या मांडीवर. पाजायला तेवढं मिळायचं, तेही ती समोर बसून बघणार. विहिरीवर लोखंडी जाळी बसली.

डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या, पण तिच्या दारावरून तोंड फिरवून गेले. एकदा तिनं बघितलं. "बाय, येवन बस मगे."

मी म्हटलं, "गुडघो बरो झालो."

दीड वर्ष गेलं. ते वाटणं गेलं, कधी गेलं ते कळलंही नाही. पोरगं चालायला लागलं, जाळी धरून आम्ही दोघं विहिरीत बघतो, तो आत हाका मारतो. मग मला वाटलं, जाऊन भांडावं. समोर बसून सांगावं की मी कोणाला नाही ते तुला सांगितलं आणि तू मला वाडीभर वेडी केलंस. आणि हा बघ माझा मुलगा. दोन्ही एकदम सांगायचं होतं, त्याला कडेवर घेऊनच गेले.

खोलीत लसीचे डबे होते. नर्स म्हणाली, "त्यांचा कंत्राट संपला. चार महिने झाले."

"खंय गेली?"

"कोणाक ठावक."

टेबल तेच होतं. मी पोराला खाली ठेवलं आणि वाकून टेबलाखाली बघितलं. त्याला वाटलं खेळ आहे, तोही वाकला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग सरळ उभा राहून दोन्ही हात उघडून मला दाखवले.

"नाय," म्हणाला.