तार मीच सोडली

चुकीचं लिवलं तर माफ करा, शाळा सोडल्यापासून बोटं हळू चालायलीत.

आज संतपूरला लग्नाचा मंडप होता. माझा मोठा भाऊ, अण्णा, अ‍ॅल्युमिनियमच्या टावरवर चढून लाईट बांधायलता. वर माणूस असला की टावरला ताणून धरणाऱ्या तारेला हात लावायचा न्हाई, हे त्यानंच मला शिकवलं.

नवरदेवाचे मामा वरडले, "गाडी अडकलीय, तार सोड की! कामून बघत बसलास?"

मला मोठ्या माणसाला न्हाई म्हणता येत न्हाई. मी सोडली. टावर झुकला, अण्णा खाली आला. कंबर मोडलीय.

दवाखान्यात हळूच म्हणला, "एकदा न्हाई म्हणायचं होतंस रे."

तुमी मोठ्यांना न्हाई कसं म्हणता? सांगा मला.

आत्ता घरनं फोन आला, शेळी व्याली. दोन पिल्लं हायत.