शेजाऱ्यांचं लाल हेल्मेट

अमेरिकेतल्या श्रूजबरीत आम्ही भाड्याच्या घरात राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात दारातला बर्फ कसा काढायचा, हे मला शेजारच्या गृहस्थांनी शिकवलं. पाठीतून न वाकता गुडघ्यातून वाकायचं, हे त्यांनी स्वतः करून दाखवलं. ते गावाच्या अग्निशमन दलात वीस वर्षांपासून होते. पुढे एकदा त्यांच्या चामडी हातमोज्याची शिवण उसवलेली मला दिसली, तेव्हा मी घरातून आरी आणि मेणाचा दोरा आणून ती तिथल्या तिथे घालून दिली. माझ्यासारख्या इंजिनिअरच्या सामानात वडिलांची चामडं शिवायची जुनी आरी का होती, हे मला नीट सांगता आलं नसतं.

माझ्या वडिलांचं आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ चपलांचं दुकान होतं. मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसून अभ्यास करायचो. आरीकडे हात गेला की ते म्हणायचे, "पुस्तक धर." त्या दोन शब्दांच्या जोरावर मी घरातला पहिला पदवीधर झालो.

पुढच्या ऑक्टोबरात एका बुधवारी संध्याकाळी शेजारी त्यांचं हेल्मेट घेऊन दारात उभे राहिले. काळं, जाड चामड्याचं, मागे लांब काठ, काठाला बारीक शिवण, पुढे पितळेचा गरुड.

"शनिवारी चार वाजता मला लेफ्टनंट करणार आहेत," ते म्हणाले. "लेफ्टनंटचं हेल्मेट लाल. नवं मिळतंय, पण मला हेच घालायचंय. आणि शुक्रवार सकाळपर्यंत मी ड्यूटीवर आहे. चामडं तुला कळतं."

एवढ्या वर्षांत अमेरिकेत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मी लगेच हो म्हणालो. त्यांनी रंगाचा स्प्रे दिला आणि काय काय करायचं ते सांगितलं: गरुड काढ, पॉलिश पेपरने घास, पूस, पातळ हात मार.

मी त्याच संध्याकाळी गॅरेजमध्ये बसून घासलं. काळा रंग गेला तिथे खालचं चामडं दिसलं, अगदी कोरडं पडलेलं. ते बघून मला राहवलं नाही. कोरड्या चामड्याला वडील एरंडेल चोळायचे, हे मी हजार वेळा पाहिलं होतं. स्वयंपाकघरातून बाटली आणली आणि अंगठ्याने सगळीकडे मुरवलं. चामडं छान तुकतुकीत झालं. मी खूश होऊन झोपलो.

गुरुवारी ऑफिसातून आल्यावर रंग मारला. तो बसेचना. तेलकट ताटावर पाणी पडावं तसा जागोजागी गोळा होऊन सरकला. थिनरने पुसून पुन्हा मारला, तेच.

बायको दारात येऊन बघत होती. "आगीत घालायच्या टोपीला तेल लावलंस?" ती म्हणाली. "नवं आणून दे त्यांना."

"त्यांना नवं नकोय. हेच हवंय."

"मग बाबांना फोन कर. तिकडे उजाडलं असेल."

वडील पहाटे पाचला उठतात. मी सगळं सांगितलं. एरवी माझ्या कामाबद्दल ते दोन वाक्यांत विचारायचे, "बरं चाललंय ना? साहेब चांगला आहे ना?" त्या दिवशी मात्र त्यांचे प्रश्न संपेनात. चामडं किती जाड? गाईचं की म्हशीचं? तेल कधी लावलंस, किती लावलंस?

मग म्हणाले, "तेल शेवटी लावतात रे. आणि रंगवायचं असेल तर लावतच नाहीत. तू अर्धंच बघितलंस."

"मग आता काय करू?"

"मुलतानी माती मिळते का तिकडे?"

बायको फोनला कान लावून होती. ती उठली आणि इंडियन स्टोअरमधून आणलेलं चेहऱ्याला लावायच्या मुलतानी मातीचं पाकीट घेऊन आली.

"कोरडीच थाप," वडील म्हणाले. "भिजवू नको. दिवसभर ऊन दाखव, तेल ती ओढून घेईल. मग झटकून, थिनरने पुसून, रंग."

ऑक्टोबरात तिथलं ऊन नुसतं दिसायला असतं. पण बंद गाडीत काचेमागे गरम होतं. म्हणून शुक्रवारी सकाळी मातीने माखलेलं हेल्मेट मी शेजारच्या सीटवर ठेवलं, पडू नये म्हणून पट्टा लावला आणि गाडी बाहेर काढली. तेवढ्यात ड्यूटी संपवून शेजारी परत आले. त्यांनी काचेतून आत पाहिलं.

"ते माझं हेल्मेट आहे?"

मी काच खाली करून खरं ते सांगितलं, एरंडेलासकट.

"उद्या चार वाजता," ते म्हणाले.

"माझ्या वडिलांनी सांगितलंय, तेल निघेल."

"तुझे वडील काय करतात?"

ऑफिसात हा प्रश्न आला की मी 'बिझनेस' म्हणायचो. "चपला शिवतात," मी म्हणालो. "चाळीस वर्षं झाली."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि घरात गेले.

संध्याकाळी माती झटकली तर तिचा रंग गडद झाला होता. थिनरने पुसलं आणि श्वास रोखून पहिला हात मारला. रंग बसला. रात्री तसंच वाळू दिलं, शनिवारी सकाळी आणखी दोन हात मारले, गरुड परत बसवला. दोन वाजता ते न्यायला आले. त्यांनी बोटाच्या पेराने वर टकटक केलं, काठाखाली बघितलं आणि डोक्यावर घालूनच रस्ता ओलांडला. चार वाजता मी आणि बायको फायर स्टेशनात मागच्या रांगेत उभे होतो. जुन्या आगींचे पोचे लाल रंगाखालीही दिसत होते. ते त्यांना हवेच होते.

हेल्मेट घातलेला त्यांचा फोटो मी छापून पोस्टाने गावी पाठवला. तीन आठवड्यांनी फोनवर विचारलं, "कसा वाटला रंग?"

"रंग ठीक आहे," वडील म्हणाले. "ती काठाची शिवण कुणी घातलीय? एक टाका इकडेतिकडे नाही. दुकानात लावलाय मी फोटो. येईल त्याला दाखवतो."