फडताळातला दिवा

ती दुपार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, दुष्काळ चालू होता आणि मी नगर जिल्ह्यात, नेवाशाकडच्या एका ठाण्यावर फौजदार होतो. नवरात्राचे दिवस होते. गावाबाहेर सायकल दुरुस्तीचं दुकान असलेला एक माणूस धापा टाकत ठाण्यात आला. त्याच्या दुकानासमोरच्या निराधार वृद्ध स्त्रियांच्या आश्रमाला आग लागली होती.

आम्ही पोचलो तेव्हा मोठ्या खोलीचं छप्पर खाली आलं होतं. पाण्याचा तुटवडा, त्यामुळे गावकऱ्यांनी बरीचशी आग माती टाकूनच विझवली होती. माणसं किती गेली, हे मी हवालदाराला आधी विचारलं.

"एकबी न्हाई सायेब. समद्या म्हाताऱ्या त्या लिंबाखाली हायेत."

अंथरुणाला खिळलेल्यासुद्धा खाटेसकट बाहेर होत्या. ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण पोलिसाचं डोकं वाकडंच चालतं. मला आधी संशय आला.

त्यात सायकलवाल्याने मला बाजूला घेतलं. "सायेब, माजं नाव घेऊ नका. पर धूर मागाहून दिसला. त्या जामखेडच्या बाईनं म्हाताऱ्या आदीच भायेर काडल्या. तिला ठावं हुतं."

जामखेडची बाई म्हणजे आश्रमातली मदतनीस. तिशीतली विधवा, राहणं-जेवण तिथंच. संस्थेचे विश्वस्त नेमके त्याच दुपारी पाहणीला येणार होते. ती कोठीतलं धान्य चोरत असणार आणि ते लपवायला तिनेच आग लावली, असं त्यांच्यापैकी एका गृहस्थाने परस्पर ठरवूनही टाकलं. "कलम ४३६ लावा आणि आत घ्या," मला म्हणाले. मुद्दाम घर पेटवण्याचं ते कलम, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. जणू मी त्यांच्याकडे नोकरीला होतो!

दुसऱ्या दिवशी आश्रमाच्या पडवीत जबाब घ्यायला बसलो. मदतनीस दोन्ही हात पदराखाली घेऊन समोर उभी राहिली.

"कंदील माज्या हातनं पडला, सायेब."

"भर दुपारी कंदील कशाला लावलात, बाई?"

तेवढ्यात मागून स्वयंपाकीण पुढं सरली. "तिचं ऐकू नका. चुलीतली ठिनगी उडाली. चूक माजी."

चूल अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि वाऱ्याचं नाव नव्हतं. गुन्हा नाकारणारे मला रोज भेटत. इथं गुन्हा अंगावर घ्यायला चढाओढ लागली होती. मी वैतागून ठाण्यात परतलो आणि डबा घेऊन ये, असा बायकोला निरोप धाडला. क्वार्टर मागेच होतं. शिपायाबरोबर उलटा निरोप आला, "घरात घट बसलेत. दिवा एकटा सोडून मी येणार नाही. जेवायचं असेल तर घरी या."

मी जेवायला गेलो नाही. हवालदाराला घेतलं आणि तडक आश्रमात गेलो.

मोठ्या खोलीत भिंतीला लागून एक लाकडी फडताळ होतं. त्याच्या उरलेल्या फळ्या बाहेरून काळवंडल्या होत्या, आतून मात्र पार कोळसा झाल्या होत्या. राख उपसली तेव्हा खालच्या कप्प्यात पितळी दिवा सापडला. शेजारी मातीचा घट, आणि त्यात करपलेले धान्याचे कोंब.

मी मदतनिसीला एवढंच विचारलं, "दिव्यापाशी कोण बसलं होतं?"

उत्तर लिंबाखालच्या खाटेवरून आलं. तिथं एक आजी होत्या, दृष्टी जवळजवळ गेलेली. "तिला नका इचारू बाबा. दिवा माजा हाय. दिसत न्हाई मला, पर हात धरला की ऊब कळती."

मग सगळं बाहेर आलं. खोलीत विस्तव दिसला तर नाव कमी, असा आश्रमाचा नियम होता. म्हणून दिवा फडताळात. दार किलकिलं ठेवायचं आणि मदतनीस नि स्वयंपाकीण या दोघींपैकी एकीने आळीपाळीने जवळ बसायचं. त्या दिवशी विश्वस्त येणार म्हणून दार घट्ट लावलं गेलं आणि वरच्या कप्प्यातल्या वाकळा पेटल्या. मदतनीस तिथंच बसलेली. करपट वास येताच तिने दार उघडलं, जाळ अंगावर आला. स्वयंपाकिणीला हाक मारून तिने आधी खाटा ओढल्या. धूर कौलांतून बाहेर पडेपर्यंत निम्म्या म्हाताऱ्या अंगणात होत्या. सायकलवाला खरं तेच बोलला होता.

आमच्यामागून आलेल्या आश्रमाच्या व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला. "आजी, मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुमी इझवला असता," आजी म्हणाल्या.

"आणि तुम्ही खोटं का बोललात?" मी मदतनिसीला विचारलं.

"आजीला कुनी न्हाई, सायेब. नाव निगालं तर ती कुटं जाईल? मी काय, कुटंबी मोलमजुरी करीन." असं म्हणत तिने डोळे पुसायला हात पदराबाहेर काढले. दोन्ही तळवे भाजून सोलून निघाले होते. या हातांनी कसली मजुरी करणार, हे विचारायचा धीर मला झाला नाही. तिला आधी दवाखान्यात पाठवलं.

प्रकरण अकस्मात जळीत म्हणून नोंदवलं. विश्वस्त कुरकुरले, पण व्यवस्थापक सरळ मनाचा माणूस निघाला. आजींना काढायचं नाही आणि मदतनिसीची नोकरी राहील, हे त्यांनी विश्वस्तांकडून कबूल करून घेतलं. पुढच्या नवरात्रात दिवा उघड्या पडवीत, वाळूच्या परातीत ठेवला गेला. प्रसंग आला तर कोणी कोणाची खाट उचलायची, हेही सगळ्यांना नेमून दिलं.

पुढं ज्या ज्या वसतिगृहात, आश्रमात पाहणीला गेलो, तिथं वाळूच्या बादल्या पाहिल्या, दारं उघडून पाहिली. पण सगळ्यांत आधी नोकरमाणसांना विचारलं, "इथं काय लपवून करावं लागतं?" बंदी घातली म्हणून माणूस करायचं थांबत नाही. तो दार लावून करतो, आणि धोका त्या लावलेल्या दारामागे असतो. हे मला एका बाईच्या भाजलेल्या हातांनी शिकवलं. तिचे उपकार मी मानतो.

माझी बदली झाल्यावर काही वर्षांनी व्यवस्थापकांची भेट झाली. आजी गेल्या, म्हणाले. म्हातारपणानेच गेल्या, आश्रमात, स्वतःच्या अंथरुणावर. मदतनीस उशाशी होती. मरणाची बातमी ऐकून मी कोणाचे आभार मानलेत, असं माझ्या सगळ्या नोकरीत तेवढं एकदाच झालं.