साडूच्या स्पेलिंगवाल्या बाई

अख्ख्या भिवंडीत इंग्रजीला न घाबरणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. नारपोलीत त्याचे कापड विणायचे लूम, मानकोलीला जमीन, दारात दोन गाड्या. माझ्याकडे काय, तर शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी. पण सासरी औषधाची बाटली आली, बँकेचं पत्र आलं, की सासरे म्हणत, "धाकट्या जावयांना वाचायला द्या." तेवढ्यावर माझी मान ताठ होती.

तेही आमच्या मेव्हण्याला बघवलं नाही. दुबईहून त्याने मला मनगटी घड्याळ पाठवलं आणि साडूच्या मुलीसाठी हातात मावणारा, दोन पडद्यांचा व्हिडिओ गेम. त्यातली एक बाई इंग्रजी शब्द उच्चारायची, आपण काडीने पडद्यावर त्याचं स्पेलिंग लिहायचं. बरोबर आलं की टाळ्या. मुलगी चार दिवसांत कंटाळली. चौथीतून शाळा सोडून लूमवर उभा राहिलेला बाप मात्र त्या बाईचा विद्यार्थी झाला. खेळायला बसताना चपला काढायचा. चुकलं तर "सॉरी, बाई" म्हणायचा.

लूमच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे त्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. नवं स्पेलिंग आलं की ते सगळ्या आळीला कळे. एका हळदीत तर त्याने बँजोवाल्यांना हात करून थांबवलं आणि मांडवाच्या मधोमध गरजला, "ई, एल, ई, पी, एच, ए, एन, टी!" बायकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या बायकोने फक्त शिट्टी वाजवायची ठेवली. सासरे म्हणाले, "मोठे जावई इंग्रजीत पण पुढं गेले हो!" वीस वर्षं खडू झिजवले मी, माझ्यासाठी कधी कुणी बँजो थांबवला नाही. लपवू कशाला? जळून पार कोळसा झालो.

दसऱ्याला लूमची पूजा असते. पाने, पेचकस, सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लागतं. साडूने त्याच पाटावर गेमही मांडला. "विद्या देतात त्या. त्यांना वगळून कसं चालंल?" फूल वाहिलं, कुंकू लावलं आणि नारळ फोडला तो नेमका शेजारीच. पाणी आत गेलं आणि बाईची वाचाच बसली. एवढा धिप्पाड माणूस, रडवेला होऊन माझ्याकडे आला. "मास्तर, बाई बोलत न्हाईत. बघा ना काय होतंय का." मग दारातच घुटमळला. "तवर तुमी मना शब्द घालाल? शाळेत घालता तसे?"

मी गेम धामणकर नाक्यावर दुरुस्तीला टाकला, आणि दर रविवारी सकाळी साडू वही घेऊन माझ्या घरी येऊ लागला. चपला दाराबाहेर. शब्द लिहून झाला की माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. टाळ्या वाजवायची मला लाज वाटे. तरी तिसऱ्या रविवारी वाजवल्या. तिकडे सासरे गावभर सांगत सुटले, "धाकटे जावई मोठ्यांना शिकवतात!" आणि त्याच आठवड्यात गेम दुरुस्त झाला. मी तो कपाटात, स्वेटरांखाली ठेवला. साडूने विचारलं की म्हणायचो, "पार्ट मिळत नाही, दादा." शिकल्यासवरलेल्या माणसाने एका डबीचा हेवा करावा, म्हणजे हद्दच झाली!

दिवाळी गेली, होळी आली. शेवटी मला राहवेना. एका रविवारी गेम त्याच्या पुढ्यात ठेवला आणि खाली बघत म्हणालो, "हा कधीच दुरुस्त झालाय. मीच लपवला."

साडू आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. "ठाव हाय मना. तो दुकानवाला माझाच भाडेकरू. त्यानं तवाच सांगितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बाई काय, कुणालाबी टाळ्या वाजवतात, मास्तर. तुमच्याकडनं टाळ्या निघता निघत न्हाईत."

मग त्याने वहीचं नवं पान काढलं. "हां, घाला शब्द."

गेम माझ्याकडेच राहिला. पुढे लूम बंद झाले, साडू मानकोलीला राहायला गेला आणि रविवार सुटले. अजून कधीतरी मी तो चालू करतो. बाई शब्द सांगते, मी लिहितो, ती टाळ्या वाजवते, आणि माझं लक्ष उगाचच दाराबाहेर जातं, चपला दिसतात का ते बघायला.